माशी आणि मासा



गळ टाकून बसलेला माणूस दिसला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. वाटेने जाणारा कोणीही थांबून ‘काय मास्तर, गावला का?’ असे विचारणार, ही पहिली. आणि उत्तर ऐकायच्या आधीच, ‘ह्या गृहस्थाला घरी काही कामधंदा दिसत नाही’ असे मनाशी म्हणून तो पुढे चालू लागणार, ही दुसरी. मी बदलापूरजवळच्या कात्रपचा राहणारा, पेशाने प्राथमिक शिक्षक, आता निवृत्त. हा प्रश्न मी साठ वर्षे ऐकतो आहे. माझे उत्तर बहुतेक वेळा ‘गावला होता, सोडला’ असे असते, आणि ते ऐकून मात्र पुढे गेलेला माणूस मागे वळतो. धरलेला मासा कोणी सोडतो का हो? आणि सोडायचाच, तर धरायचा कशाला?

ह्याचे उत्तर द्यायचे तर आधी माझा गळ कसला आहे ते सांगायला हवे, कारण तो आपल्या नेहमीच्या गळाहून निराळा आहे.

नेहमीचा गळ तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. बांबूची काठी, दोरा, दोऱ्याला तरंडे, खाली आकडा आणि आकड्याला गांडूळ नाही तर कणकेची गोळी. तरंडे बुडाले की हिसका द्यायचा. माझ्या आकड्याला गांडूळ नसते. त्यावर पीस आणि रेशमाचा दोरा गुंडाळून एक खोटी माशी बांधलेली असते. ती इतकी हलकी, की फुंकर मारली तर तळहातावरून उडून जाईल. मग ती वीस-पंचवीस हात लांब पाण्यावर फेकायची कशी? तर ती फेकायचीच नाही. जड असते ती दोरी. लवचीक काठीने ती दोरी मागे न्यायची, हवेत पुरती उलगडू द्यायची आणि मग पुढे आणायची. दोरी पुढे उलगडली की टोकाची माशी तिच्या मागोमाग जाऊन अलगद पाण्यावर टेकते. शहरातल्या माणसाला हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो. आमच्याकडच्या बैलगाडीवाल्याला एका वाक्यात समजते, कारण आसूडही असाच चालतो. फरक एवढाच, की आसूड वाजला पाहिजे आणि ही दोरी वाजता कामा नये.

ही विद्या मूळची थंड मुलखातली. तिकडे डोंगरातल्या गार, खळाळत्या ओढ्यांत ट्राउट नावाचा ठिपकेदार मासा असतो. पाण्यावर उतरणाऱ्या माश्या आणि पतंग तो वर येऊन टिपतो. त्याला फसवण्यासाठी ह्या पिसांच्या माश्या निघाल्या. इंग्रज इकडे आले आणि त्यांना ह्या माशाची अशी काही ओढ लागली, की आगबोटीतून बर्फात ठेवून त्याची अंडी त्यांनी हिंदुस्थानात आणवली. काश्मीरसाठी १८९९ साली आलेली पहिली अंडी वाटेतच मेली. १९०० साली दुसरी खेप आली, ती जगली. पुढे कुलूच्या खोऱ्यात आणि दक्षिणेत निलगिरीवरही ट्राउट रुजला. महाराष्ट्रात मात्र तो नाही, आणि नाही ह्याला कारण आहे. ट्राउटला साधारण २० अंशांच्या आतले पाणी मानवते. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १५ अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे १० मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. आमच्या उल्हास नदीत वैशाखात पाय घातला तर पाणी अंघोळीला काढल्यासारखे लागते. तिथे ट्राउट काय करणार?

मग हे वेड कात्रपला आले कुठून? सांगतो. अंबरनाथला आगपेट्यांचा विमको कारखाना होता. तो मूळचा स्वीडनच्या लोकांनी काढलेला. माझे वडील त्या कारखान्यात होते. तिथला एक स्वीडिश साहेब मायदेशी परत जाताना आपले पुष्कळसे सामान वाटून गेला. कोणाला खुर्ची मिळाली, कोणाला कंदील. माझ्या वडिलांच्या वाट्याला एक तीन तुकड्यांची काठी आणि पत्र्याची एक चपटी डबी आली. डबीत बुचाच्या पातळ तुकड्यात टोचलेल्या चाळीसएक माश्या होत्या. आईने ती डबी उघडली आणि ‘अगो बाई, किडे!’ म्हणून अंगणात टाकून दिली. मी ती उचलून आणली. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.

त्या डबीतल्या दोन माश्यांच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळट ठिपके होते. हे पीस कोणत्या पक्ष्याचे, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. ते आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेवरचे. विलायतेत माश्या बांधणारे कारागीर ह्या पिसासाठी जीव टाकीत आणि इथून ती पेट्या भरभरून जात. आता रानकोंबड्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि पिसांची ती निर्यात बंद झाली आहे, हे बरेच झाले. पण गंमत पाहा. माथेरानच्या पलीकडच्या जंगलात आरवणारा पक्षी, त्याचे पीस कुठल्या कुठे स्कॉटलंडातल्या माशाला भुलवीत होते. काठ्यांचेही तसेच. बांबूच्या पट्ट्या चिरून, जोडून काठी करण्याची रीत निघाली तेव्हा सुरुवातीच्या कित्येक काठ्या आपल्याकडून गेलेल्या ‘कलकत्ता’ बांबूच्या असत.

ही सगळी साहेबी थेरे, आपल्या लोकांना हा षौक नव्हता, असे कोणी म्हणेल तर तेही खरे नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. हे कल्याणी म्हणजे कर्नाटकातले बसवकल्याण, आमचे जंक्शनचे कल्याण नव्हे. ह्या ग्रंथात राजाच्या करमणुकीच्या प्रकारांत मत्स्यविनोद म्हणून गळाच्या मासेमारीचे एक प्रकरणच आहे. मासे किती जातींचे, नदीतले कोणते आणि समुद्रातले कोणते, कोणाला कसला चारा घालून एका जागी सवय लावायची, दोरी कशी असावी, काठी कशी असावी, हे सर्व त्यात आहे. सुंदरलाल होरा ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ साली त्याच्यावर लेख लिहिला, तेव्हा पुष्कळांचे तिकडे लक्ष गेले. म्हणजे गळ टाकून बसणारा माणूस रिकामटेकडा असेलही, पण त्याची परंपरा राजाची आहे!

आता आमच्या नदीविषयी. लोणावळा-राजमाचीच्या बाजूला डोंगरात उगवलेली उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणकडे जाते. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर डोहाडोहांत तुटतात. उल्हास मात्र बारा महिने वाहते. ह्याचे कारण निसर्ग नाही, वीज आहे. टाटांचे भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. मावळातल्या आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीच्या धरणात अडवून ते सह्याद्रीच्या कड्यावरून नळांनी खाली सोडतात, त्यावर वीज होते आणि उरलेले पाणी उल्हासात येते. नकाशा घेऊन पाहण्यासारखी गोष्ट आहे. हे पाणी आपल्या वाटेने गेले असते तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा करीत बंगालच्या उपसागराला मिळाले असते. ते बदलापूरवरून अरबी समुद्राला जाते आणि वाटेत लाखो घरांतले हंडे भरते. बदलापूरच्या बॅरेजवर तेच पाणी उचलतात. कर्जतच्या वरच्या अंगाला गळ टाकणाऱ्याला तर घड्याळच नको. पाऊस नाही, आभाळ नाही आणि बसल्या जागी पाणी घोट्यावरून पोटरीला आले, की समजावे वीजघराची यंत्रे फिरू लागली.

ह्या पाण्यात खोट्या माशीला कोण फसते? पाऊस सरून पाणी निवळले, म्हणजे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, तो हंगाम. संध्याकाळी ऊन कलले की उथळ पाण्यावर माश्या उतरतात आणि चांदीच्या पात्यासारखे बोटभर मासे वर येऊन त्या टिपू लागतात. पाण्यावर तांदूळ पडावेत तशी वर्तुळे उठतात. ते मासे माझी माशी घेतात. खडकांच्या खालच्या अंगाला, जिथे जोराचे पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जाते, तिथे थोडा मोठा, खवलेदार मासा कधी कधी मिळतो. मरळ माशीला भीक घालीत नाही. तिला हालते बेडूक हवे. एकदा मी हरणाच्या रंगाचे केस म्हणून आमच्या शेजाऱ्याच्या बैलाच्या शेपटीचे केस कापून त्यांचे बेडूक केले होते. मरळीने ते घेतले नाही, पण शेजाऱ्याने आठ दिवस माझ्याशी बोलणे टाकले.

हातात काठी धरून तासन् तास पाण्याकडे पाहिले म्हणजे माणसाला हळूहळू पाणी वाचता येऊ लागते. मासा कुठे असेल हे कळायला त्याला काय हवे ते कळावे लागते. दम घ्यायला आडोसा, श्वासाला वाहते पाणी, पोटाला किडे आणि अंडी घालायला स्वच्छ वाळू-गोटे. ह्यांतले एक नसले तर त्या जागी मासा नाही. आणि आज पंचवीस वर्षे, नेमके काय नाहीसे होत चालले आहे, ते मी माझ्या वहीत लिहीत आलो आहे. ह्या वहीविषयीच मला मुख्यतः बोलायचे आहे.

पण तिच्याआधी वलगण. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओहोळ भरून वाहू लागले, की मासे नदीतून उलटे वर चढतात, ओढ्यांत, वहाळांत, थेट भाताच्या खाचरांत. ह्याला आमच्याकडे वलगण म्हणतात, आणि त्या रात्री बत्त्या, कंदील, टॉर्च घेऊन सगळा गाव पाण्यात असतो. वलगणीच्या माशाची चव मी नाकारीत नाही, मीही ह्याच मातीतला आहे. पण हे मासे चढतात कशासाठी? अंडी घालण्यासाठी. मादी चिरली की पोटात गाबोळी भरलेली दिसते. आमच्या आज्याच्या काळी पाग आणि बांबूची सापळी होती. त्यांतून निम्मे मासे निसटत आणि जाऊन अंडी घालीत. आता नायलॉनची बारीक जाळी ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत लावतात. कोणी पाण्यात विजेची तार सोडतो, कोणी ब्लीचिंग पावडर टाकतो, कोणी सुरुंगाची दारू. स्फोट आणि विष ह्यांनी मासे मारणे हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. पण रात्रीच्या पावसात कायदा ओढ्यावर येत नाही.

माशाच्या ह्या चढण्याविषयी सगळ्यांत चांगले मला एका सिंधी आजोबांनी सांगितले. आमच्या पलीकडचे उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी. १९४९ साली तिला नदीवरून उल्हासनगर नाव मिळाले. हे आजोबा रविवारी बदलापूरला येऊन माझ्या शेजारी गळ टाकून बसत. त्यांच्या सिंधू नदीत पल्लो नावाचा मासा समुद्रातून वर चढतो. झूलेलाल त्याच पल्लोवर बसलेले चित्रात असतात. त्यालाच बंगाल्यात इलिश म्हणतात. ते म्हणत, ‘गुरुजी, आमच्या लहानपणी पल्लो देवाच्या दर्शनाला सक्करपर्यंत जातो असे सांगत.’ सक्करचे बॅरेज १९३२ साली झाले आणि कोटरीचे १९५५ साली. कोटरीनंतर पल्लोची वरची वाट बंद झाली. आजोबा तोवर इकडे आलेले होते. त्यांना हे नातेवाइकांच्या पत्रातून कळले. आमच्या बॅरेजकडे पाहत ते दर वेळी एकच विचारीत, ‘ह्याच्यात माशाला दार ठेवले आहे का?’

आता वहीकडे येतो, आणि त्यासाठी जरा पुण्याला जाऊ. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी दख्खनात हिंडून आकडेवारी गोळा करीत असे. त्याबरोबर त्याने भीमा, मुळा-मुठा ह्या नद्यांतले मासेही गोळा केले आणि १८३९ च्या सुमारास त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नावे देताना त्याने एक चांगली गोष्ट केली. भोयांना आणि कोळ्यांना विचारून मराठी नावेच लॅटिनमध्ये घातली. म्हणून आजही जगभरचे शास्त्रज्ञ टॉर खुद्री, लॅबिओ पोटेल, लॅबिओ बोगट, गॅरा मुल्या अशी नावे लिहितात. हा मुल्या म्हणजे खडकाला चिकटून राहणारा आपला मळ्या. आणि टॉर खुद्री म्हणजे आपली खडशी, मोठ्या खवल्यांचा, निळसर परांचा महासीर. त्या काळच्या पुण्याच्या नदीकाठच्या अक्षरशून्य माणसाची बोली शास्त्राच्या वहीत गेली, म्हणून त्या नदीत तेव्हा काय होते ते आपल्याला माहीत आहे. आज त्याच मुळा-मुठेच्या पाण्याजवळ उभे राहून हे सांगितले तर मुलांचा विश्वास बसणार नाही.

महासीर हा गळकऱ्यांचा राजा. एच. एस. थॉमस ह्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळावर इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात महासीरला विलायतेतल्या सामनच्याही वर बसवला आहे. धरणे झाली, नद्या तुटल्या, तसा हा मासा कमी होऊ लागला. मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर खडशीची अंडी हाताने काढून, फळवून पिल्ले तयार केली. पुढे वळवणला त्याचे मोठे केंद्र झाले. हे काम थोर आहे, ह्यात शंका नाही. तिथली पिल्ले अनेक राज्यांत गेली. त्यांतली काही कर्नाटकात कावेरीत सोडली गेली.

कावेरीत मात्र तिचा स्वतःचा महासीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, शंभर पौंडांच्या वर भरणारा. थॉमसच्या काळापासून जगभरचे गळकरी त्याच्यासाठी येत. त्याच नदीवर गळकऱ्यांचे तळ होते. धरलेला मासा तोलायचा, मापायचा, वहीत लिहायचा आणि जिवंत सोडून द्यायचा, असा तिथे नियम होता. शास्त्रज्ञांनी पुढे १९९८ ते २०१२ पर्यंतच्या ह्या वह्या चाळल्या. त्यांत काय निघाले? एकूण मासे वाढत होते. पण वाढत होती ती बाहेरून आलेली निळ्या परांची खडशी, आणि नदीचा स्वतःचा नारिंगी महासीर वर्षावर्षाला कमी होत होता. २०१८ साली ह्या माशाची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी जगातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव गेले. बाहेरच्या माशाबरोबर धरणे, वाळूउपसा, सुरुंग हीही कारणे आहेतच. पण मुद्दा असा, की सरकारकडे ह्या माशाची मोजदाद नव्हती, विद्यापीठांकडे नव्हती. ती होती रिकामटेकड्या म्हणून हसल्या गेलेल्या माणसांच्या वह्यांत.

माशाला सोडायचे तर धरायचा कशाला, ह्याचे माझे उत्तर ते आहे. धरल्याशिवाय तो कोणता, केवढा आणि कसा आहे, ते कळत नाही. आणि सोडल्याशिवाय पुढच्या वर्षी मोजायला काही उरत नाही. सोडायचीही रीत आहे. आकड्याची उलटी नांगी पकडीने दाबून बोथट करावी, म्हणजे तो सहज निघतो. हात आधी ओले करावेत, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. आणि त्याला पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून, तो स्वतः शेपूट हलवीपर्यंत धरावे. हे सगळे एका दमात व्हावे, आपला दम माशाबरोबर रोखून. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही पाणी हवे आहे असे समजावे.

पण शाळेतल्या मुलांच्या हाती मी गळ देणार नाही. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे सांगणे निराळे आहे. मासे मोजण्यापेक्षा त्यांचा चारा मोजणे सोपे आहे, आणि तो चारा कोणता हे मला त्या स्वीडिश डबीने शिकवले. त्यातल्या निम्म्या माश्या एका विशिष्ट किड्याच्या नकला होत्या. हा किडा पंख फुटल्यावर एखादा दिवसच जगतो. त्याला तोंड असून खाता येत नाही. पण त्याआधी कित्येक महिने तो अळीच्या रूपाने पाण्यातल्या गोट्यांखाली राहतो. वाहत्या, घोट्याइतक्या पाण्यातला एक गोटा उचला, उलटा करा. त्याच्या अंगावर तीन शेपट्यांचा, कडांनी कल्ले हलवणारा चपटा जीव धावताना दिसला, तर तो हा. दोन शेपट्यांचा दिसला तर तो त्याचा चुलतभाऊ, आणि त्याला तर फारच स्वच्छ पाणी लागते. गोट्याला वाळूच्या कणांची बोटाच्या पेराएवढी नळी चिकटलेली दिसली, तर तिच्या आत आणखी एका किड्याची अळी घर करून असते. मुलांना ही नळी फार आवडते. इतकी सुबक, की गवंड्याने लाजावे. हे तिन्ही जीव पाण्यातला प्राणवायू कमी झाला की सगळ्यांच्या आधी जातात. शेवटी राहतात ते लाल रंगाचे, दोऱ्यासारखे, चिखलात वळवळणारे किडे. त्यांच्या रक्तात आपल्यासारखे लाल द्रव्य असते आणि थोडक्या प्राणवायूवर त्यांचे भागते.

आमच्याच भागात ह्याचा एक धडा उघडा पडलेला आहे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, शिलाहारांनी बांधलेले. ते वालधुनीच्या काठी आहे. नऊशे वर्षांपूर्वी लोकांनी देवासाठी तो काठ निवडला तो घाण पाणी पाहून नव्हे. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी ती नदी अंबरनाथ-उल्हासनगरातून जाता जाता कारखान्यांच्या पाण्याने आणि सांडपाण्याने अशी झाली, की तिच्या काही भागांत आता ते लाल किडेही मिळत नाहीत. तिथे मुलांना पाण्यात हात घालू देऊ नये. उल्हासची स्थिती अजून तशी नाही. बदलापूरच्या वरच्या अंगाला, वांगणीकडे, तीन शेपट्यांचा जीव मला अजून मिळतो. खाली कल्याणकडे मात्र उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. पुलावरून तो दिसतो सुंदर, पण त्याच्या खाली ऊन पोचत नाही. सांडपाण्यातल्या खतावर तो पोसतो आणि कुजला की पाण्यातला प्राणवायू खातो. माझ्या वहीत अशा जागांपुढे एक शून्य आहे. काही शून्ये आता वर सरकू लागली आहेत, म्हणून मी हे बोलतो आहे.

नदीचा काही तुकडा माणसाने न छेडता ठेवल्याची उदाहरणे आपल्याकडे नाहीत असे नाही. वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे येथे महादेवाचे देऊळ आहे. तिथल्या डोहातले मासे देवाचे. त्यांना कोणी मारीत नाही. चुरमुरे टाकले की मोठमोठे महासीर अंगावर यावेत तसे वर येतात. महाडच्या बाजूला वाळणकोंडीलाही तसेच आहे. मी दोन्ही ठिकाणी गेलो, काठी घरी ठेवून. तिळशाच्या डोहात मावळतीच्या उजेडात ती पितळेच्या ताटासारखी खवली पाहिली. गळाला हात लावावा असे मनातही आले नाही. शेजारी एक म्हातारी तळहातावरून माशांना चणे देत होती. ‘बाबा, हा नंदी, अन् हा त्याचा भाऊ,’ असे तिने मला ओळख करून दिल्यासारखे सांगितले.

२६ जुलै २००५ चा पूर तुम्हांला आठवत असेल. २०१९ च्या जुलैमध्येही उल्हास अशीच कोपली आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा पुरानंतर डोह सरकतात, गोटे वाहून जातात आणि मग पुन्हा नव्याने नोंद घ्यावी लागते. म्हणून शाळांनी ही वही सुरू करायची तर पूर ओसरल्यावर, दिवाळीच्या सुटीनंतर करावी. सामान अगदी थोडे. एक पांढरी ताटली, कारण तिच्यावर किडे स्पष्ट दिसतात. एक भिंग. साधा तापमापक, आणि ओला झाला तरी चालेल असा एक मऊ कुंचला, किडे न दुखावता उचलायला. मुले घोट्याच्या वरच्या पाण्यात जाता कामा नयेत आणि बरोबर दोन मोठी माणसे हवीत. उल्हासने दरवर्षी पोरे नेलेली आहेत, हे विसरून चालणार नाही. दर वेळी त्याच जागी, पाच गोटे उलटायचे. पाहून झाले की गोटा होता तसा ठेवायचा. तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, तीन शेपट्यांचे किती, दोन शेपट्यांचे किती, नळीवाले किती, लाल किती. एवढ्या सात रकान्यांना आडवे पान पुरते. दुसरी नोंद होळीला, तिसरी मेच्या अखेरीस, वलगण सुरू व्हायच्या आधी. वहीवर मुलांची नावे लिहावीत, आणि वर्ग पुढे गेला तरी वही शाळेतच ठेवावी.